पिवळ्या त्रिकोणाची गोष्ट : नवजात बाळाची कावीळ आणि प्रकाश

बाळ-बाळंतिणीला भेटून आलेली माणसे घरी सांगतात, "बाळाला थोडी कावीळ आहे, लाइटखाली ठेवलंय." ऐकणाऱ्यालाही त्यात विशेष काही वाटत नाही. अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर पट्टी आणि वर निळे दिवे, अशा अवस्थेत बाळ दोन-तीन दिवस राहते आणि मग आईच्या कुशीत परत येते. इंजेक्शन नाही, पोटात घ्यायचे औषध नाही. प्रकाश हेच औषध.

हा उपचार इतका रुळला आहे की तो कधी, कुठे आणि कसा सुरू झाला हा प्रश्न आपल्याला पडत नाही. पण त्याचा इतिहास शिक्षकांनी मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष अशा पायऱ्या आपण फळ्यावर लिहितो आणि विज्ञान त्याच क्रमाने पुढे जाते असे मुलांना वाटू लागते. इथे घडले ते असे : निरीक्षण एका परिचारिकेने केले, उपचार लगेच सुरू झाला, जगाने तो मान्य करायला दहा वर्षे घेतली, आणि तो का लागू पडतो याचे बरोबर उत्तर मिळायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला. त्याआधी सगळ्यांना पटलेले जे उत्तर होते ते बऱ्याच अंशी चुकीचे निघाले.

बाळ पिवळे का होते?

मुका मार लागला की ती जागा आधी काळीनिळी होते, मग हिरवट दिसते आणि शेवटी पिवळसर होऊन नाहीशी होते. हा रंगबदल प्रत्येकाने पाहिलेला असतो. त्वचेखाली साकळलेल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे विघटन होत असल्याची ती खूण आहे. हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त भागापासून आधी बिलिव्हर्डिन हे हिरवे द्रव्य बनते आणि त्यापासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य बनते.

हेच काम आपल्या शरीरात रोज, गाजावाजा न होता चालू असते. मोठ्या माणसाची तांबडी रक्तपेशी साधारण 120 दिवस जगते. जुन्या पेशी मोडीत निघतात आणि त्यांच्यातून बिलिरुबिन तयार होते. एक ग्रॅम हिमोग्लोबिनपासून सुमारे 35 मिलिग्रॅम बिलिरुबिन मिळते. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे ते सरळ लघवीवाटे किंवा पित्तावाटे टाकून देता येत नाही. यकृत त्याला ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देते. जोड मिळाली की ते पाण्यात विरघळते, पित्तात उतरते आणि आतड्यावाटे बाहेर पडते.

पोटातल्या बाळाला या खटाटोपाची गरज नसते. त्याचे बिलिरुबिन वारेतून आईच्या रक्तात जाते आणि आईचे यकृत त्याची व्यवस्था लावते. नाळ कापली की हा मार्ग बंद होतो. बाळाच्या रक्तात पेशींची गर्दी असते आणि त्या मोठ्यांच्या पेशींपेक्षा कमी दिवस जगतात, म्हणजे बिलिरुबिन जास्त तयार होते. यकृतातले जोडकाम करणारे विकर मात्र अजून पुरते कामाला लागलेले नसते. आवक जास्त, जावक कमी, अशी ही स्थिती. म्हणून पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकी साधारण साठ आणि अपुऱ्या दिवसांच्या शंभरांपैकी साधारण ऐंशी बाळे पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी दिसतात. बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते.

पण सगळ्यांची नाही. आई आणि बाळ यांच्या रक्तगटांचे जुळत नसेल, बाळ फारच अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा त्याच्या रक्तपेशी लवकर फुटत असतील, तर बिलिरुबिन वाढतच जाते. पाण्यात न विरघळणारे हे द्रव्य स्निग्ध पदार्थात सहज शिरते आणि मेंदूत स्निग्ध पदार्थ भरपूर असतात. मेंदूच्या खोल भागातली केंद्रे पिवळी पडतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ श्मोर्ल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या स्थितीला 'केर्निक्टेरस' असे नाव दिले. त्यातून जी बाळे वाचत, त्यातली अनेक कायमची बहिरी होत किंवा हातापायांवर ताबा नसलेली अशी मोठी होत. झालेले नुकसान भरून काढणारा उपाय तेव्हा नव्हता आणि आजही नाही. म्हणून बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोचण्याआधीच कमी करणे, एवढाच मार्ग उरतो.

रक्त बदलणे हा एकच उपाय

1950 च्या सुमारास हे करण्याची एकच खात्रीची रीत होती, ती म्हणजे बाळाचे रक्तच बदलणे. 1940 साली र्‍हीसस रक्तगटाचा शोध प्रसिद्ध झाला आणि काही बाळांची कावीळ इतकी तीव्र का असते याचा उलगडा होऊ लागला. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत रक्तबदलाची रीत बसवली गेली. नाळेतल्या शिरेत बारीक नळी घालायची, थोडे रक्त काढायचे, तेवढेच दात्याचे रक्त आत सोडायचे, आणि असे पुन्हापुन्हा करत बाळाचे बहुतेक सगळे रक्त बदलून टाकायचे. दर 100 मिलिलिटर रक्तद्रवात 20 मिलिग्रॅम बिलिरुबिन ही त्या काळी धोक्याची रेषा मानली जात असे.

या उपचाराने पुष्कळ बाळे वाचली. पण तो अवघड होता. कुशल हात हवेत, जुळणारे ताजे रक्त हवे, तासन्‌तास वेळ हवा. रक्तबदलाच्या वेळीच किंवा त्यानंतरच्या संसर्गाने काही बाळे दगावत. दीड किलोच्या बाळावर तो पुन्हापुन्हा करायची वेळ आली की डॉक्टरही कचरत.

रॉकफर्डचे अंगण

इंग्लंडमध्ये लंडनच्या पूर्वेला एसेक्स परगण्यात रॉकफर्ड हे गाव आहे. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा एक विभाग होता आणि सिस्टर जीन वॉर्ड या परिचारिका तो सांभाळत होत्या. काचपेटीतल्या उबदार, कोंदट हवेपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवते असे त्यांचे मत होते. उन्हाळ्यात चांगले ऊन पडले की त्या त्यातल्या त्यात धडधाकट बाळांना अंगणात नेत आणि डॉक्टरांची फेरी सुरू व्हायच्या आत परत आणून ठेवत. इतक्या नाजूक बाळांना बाहेर काढणे त्या वेळच्या रीतीत बसणारे नव्हते.

1956 च्या उन्हाळ्यात अशाच एका फेरीच्या वेळी सिस्टर वॉर्ड यांनी एक बाळ उघडे करून डॉक्टरांना दाखवले. दाखवतानाही त्या जरा संकोचल्याच होत्या. बाळाचे अंग फिकट दिसत होते, पण एका ठिकाणी त्वचेचा एक त्रिकोण मात्र गर्द पिवळा होता. त्याच्या कडा पट्टीने आखाव्यात तशा स्पष्ट होत्या. विभागाचे प्रमुख डॉ. रिचर्ड डॉब्ज यांना वाटले की कसले तरी औषध लावले असावे. आयोडिन की फ्लेविन, असे त्यांनी विचारले. सिस्टर म्हणाल्या, हे उन्हामुळे झाले असावे. यावर डॉक्टरांना वाटले की त्या ऊन लागून काळवंडलेल्या त्वचेविषयी बोलत आहेत, आणि तसा रंग चढायला तर काही दिवस जावे लागतात.

सिस्टरांचे म्हणणे नेमके उलटे होते. त्रिकोणाला काहीच झाले नव्हते. तो बाळाचा मूळ रंग होता. अंगणात असताना तेवढ्या जागेवर चादरीचा कोपरा आला होता. बदल झाला होता तो उरलेल्या अंगात. तिथे ऊन लागले होते आणि तिथली कावीळ उतरली होती.

इथे क्षणभर थांबू या. सिस्टर वॉर्ड यांनी नुसतेच "उन्हात ठेवलेली बाळे कमी पिवळी दिसतात" असे सांगितले असते तर ते कुणी मनावर घेतले असते का? कावीळ आपोआपही उतरते, असे कुणीही म्हणाले असते. त्रिकोणाने ती पळवाट बंद केली. तेच बाळ, तोच दिवस, तेच दूध, तेच यकृत, आणि फरक फक्त प्रकाश लागला की नाही एवढाच. प्रयोगशाळेत आपण तुलनेसाठी एक नमुना बाजूला ठेवतो. चादरीच्या कोपऱ्याने तो नमुना बाळाच्या अंगावरच राखून ठेवला होता.

खिडकीतली नळी

तरीही एक शंका राहतेच. त्वचेचा रंग उतरला हे खरे, पण रक्तातल्या बिलिरुबिनचे काय? धोका रक्तातल्या बिलिरुबिनपासून असतो. वरचा रंग उडाला आणि आतले विष तसेच राहिले तर उपयोग शून्य.

याचे उत्तरही योगायोगानेच समोर आले. काही आठवड्यांनी तीव्र कावीळ झालेल्या एका बाळाच्या रक्ताची नळी तपासणीसाठी गेली आणि बिलिरुबिनचा आकडा अपेक्षेपेक्षा खूपच कमी आला. बाळाकडे पाहून तो कुणालाच पटेना. पुन्हा रक्त घेऊन तपासले तर आकडा चांगलाच मोठा होता. चौकशीत कळले की पहिली नळी तपासणीपूर्वी काही तास उन्हात, खिडकीशी पडून होती. नळीत ना त्वचा होती ना यकृत. उन्हाचा परिणाम थेट रक्तद्रवातल्या बिलिरुबिनवरच झाला होता.

अशा वेळी "तपासणी चुकली" असे म्हणून नळी फेकून देणे सर्वांत सोपे असते. पण इथे अंगणातला त्रिकोण डोक्यात ताजा होता, म्हणून त्या चुकीच्या आकड्याला अर्थ आला. डॉ. क्रेमर या तरुण डॉक्टरांनी आणि पेरीमन व रिचर्ड्‌स या सहकाऱ्यांनी पद्धतशीर काम सुरू केले. रक्तद्रवाचे नमुने वेगवेगळ्या प्रकाशात ठेवून पाहिले. बाळांना थोडा वेळ उन्हात, थोडा वेळ सावलीत असे आळीपाळीने ठेवून रक्त तपासले. रक्तातले बिलिरुबिन खरोखरच उतरत होते.

इंग्लंडच्या उन्हाचा भरवसा नसतो आणि रात्री तर ऊन नसतेच. म्हणून त्यांनी एक साधे उपकरण बनवून घेतले. पाळण्यावर अर्धगोल छतासारखा चकचकीत परावर्तक आणि त्याच्या आत निळा प्रकाश देणाऱ्या आठ ट्यूबलाइट. निळाच का, हे समजायला सोपे आहे. एखादी वस्तू पिवळी दिसते कारण ती निळा प्रकाश शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते. बिलिरुबिनवर परिणाम करायचा तर ते जो प्रकाश शोषते तोच द्यायला हवा, आणि तो सुमारे 460 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा आहे. अतिनील किरणांची त्यासाठी गरज नाही. आजही अनेकांना वाटते की दवाखान्यातले हे दिवे अतिनील असतात. ते तसे नसतात.

मे 1958 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. लेखक तीन होते : क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्‌स. सिस्टर वॉर्ड यांचे नाव लेखकांत नव्हते. त्रिकोणाची हकीकत सविस्तर छापून आली ती 1975 साली, डॉब्ज आणि क्रेमर यांनी लिहिलेल्या आठवणींत. ती त्यांनी लिहिली नसती तर या शोधाची सुरुवात कुणी केली हे आज आपल्याला सांगता आले नसते.

दहा वर्षांची वाट

एवढा स्वस्त, सोपा उपचार लगेच जगभर पसरला असेल असे वाटते. दक्षिण अमेरिका आणि इटली इथल्या काही डॉक्टरांनी तो उचललाही. पण अमेरिकेत, जिथे बालवैद्यकाचे सर्वांत मोठे काम चालू होते, तिथे जवळजवळ दहा वर्षे त्याकडे दुर्लक्ष झाले.

याला नुसता हटवादीपणा म्हणता येणार नाही. त्याच काळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर दोन मोठे आघात होऊन गेले होते. त्यांना भरपूर ऑक्सिजन देणे हितकारक समजले जाई. 1950 च्या दशकाच्या मध्यावर सिद्ध झाले की त्या जादा ऑक्सिजननेच हजारो मुले आंधळी झाली होती. 1956 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात दिसले की संसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या एका सल्फा औषधाने बाळांमध्ये केर्निक्टेरसचे आणि मृत्यूचे प्रमाण वाढले. दोन्ही उपचार देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. त्यामुळे "प्रकाशाने बिलिरुबिन जाते, पण त्याचे काय बनते? ते मेंदूला आणखी घातक असले तर?" हा प्रश्न रास्त होता, आणि रॉकफर्डकरांकडे त्याचे पक्के उत्तर नव्हते.

कोंडी फोडली ती अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातल्या डॉ. जेरोल्ड ल्यूसी यांनी. त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या 111 बाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निवड न करता दोन गट पाडले. एका गटाला प्रकाश दिला, दुसऱ्याला नाही. प्रकाशातल्या बाळांचे बिलिरुबिन स्पष्टपणे कमी राहिले. 1968 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर काही वर्षांतच निळे दिवे अमेरिकेतल्या रुग्णालयांत सर्रास दिसू लागले. पुढे 1974 ते 1976 या काळात अमेरिकेतल्या सहा केंद्रांनी मिळून 1339 बाळांवर अभ्यास केला. त्याचा अहवाल 1985 मध्ये आला आणि ती मुले सहा वर्षांची होईपर्यंत त्यांची पाहणी झाली. मेंदूचे रक्षण करण्यात प्रकाश रक्तबदलाच्या तोडीस तोड ठरला, आणि रक्तबदलाची वेळ येणेच खूप कमी झाले.

अंगणातला त्रिकोण आणि चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग यांत बारा वर्षांचे अंतर आहे. त्रिकोणाने प्रश्न विचारला, पण "हे सगळ्या बाळांना द्यावे का?" याचे उत्तर एका बाळावरून देता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या पायरीची गरज होती. तसाच मोठा अभ्यास 1958 नंतर लगेच कुणी केला असता तर मधल्या वर्षांत किती बाळांचा मेंदू वाचला असता, हा प्रश्न मात्र मनातून जात नाही.

प्रकाश नेमके काय करतो?

हळदीचा डाग उन्हात उडतो, हे आपल्याकडे घरोघर माहीत आहे. हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचे उन्हाने विघटन होते. बिलिरुबिनचेही तसेच होत असणार, प्रकाशात ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचे तुकडे पडत असणार, असे पहिली अनेक वर्षे मानले गेले. परीक्षानळीत तसे होतेही. शरीरातही तेच होत असणार असे सगळ्यांनी धरून चालले.

पण 1971 च्या सुमारास अमेरिकन संशोधक डोनाल्ड ऑस्ट्रो यांच्या कामातून एक विसंगती पुढे आली. जन्मजात कावीळ असणाऱ्या उंदरांची एक जात आहे. त्यांच्या यकृतात जोडकाम करणारे विकर नसते, त्यामुळे त्यांच्या पित्तात बिलिरुबिन उतरायला नको. अशा उंदरांवर प्रकाश टाकला तेव्हा त्यांच्या पित्तात बिलिरुबिन मोठ्या प्रमाणात उतरू लागले, आणि तेही जोड न मिळालेले. प्रकाशाने बिलिरुबिन नष्ट होत असेल तर ते पित्तात साबूत कसे सापडते? आणि पाण्यात विरघळत नसताना पित्तात उतरले कसे?

उत्तर रेणूच्या आकारात होते. 1976 मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने बिलिरुबिनच्या स्फटिकाची रचना उलगडली गेली. हा रेणू म्हणजे चार कड्यांची साखळी. ती मधोमध दुमडलेली असते, घराच्या आढ्यावर बसवायच्या कौलासारखी. या घडीत रेणूचे पाण्याशी सलगी करणारे भाग आतल्या आतच हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून बसतात. बाहेर पाण्याला धरायला काही उरतच नाही. बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही याचे कारण हे.

निळा प्रकाश शोषला की साखळीतल्या एका दुहेरी बंधाभोवती रेणूचे टोक वळते. टोक वळले की आतली पकड सुटते आणि लपलेले भाग उघडे पडतात. अणू तेच, संख्या तीच, फक्त मांडणी वेगळी. रसायनशास्त्रात याला समघटक म्हणतात. हा वळलेला रेणू पाण्यात बराच जास्त विरघळतो आणि यकृत त्याला जोड न देता सरळ पित्तात सोडू शकते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस आणि 1980 च्या सुरुवातीला अँटनी मॅकडोना, डेव्हिड लाइटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले. यातले काही रेणू आतड्याकडे जाताना पुन्हा मूळ आकारात येतात, म्हणून तर पित्तात नेहमीचे बिलिरुबिन सापडत होते. याशिवाय 'ल्युमिरुबिन' नावाचा आणखी एक समघटक बनतो. तो सहसा मूळ आकारात परतत नाही आणि पित्त व लघवी दोन्हींवाटे बाहेर पडतो. तुकडे पडण्याची क्रियाही चालते, पण तिचा वाटा लहान आहे.

म्हणजे प्रकाश बिलिरुबिनला मुख्यतः मोडत नाही, वळवतो. यकृताचे जे काम अडलेले असते, त्याला वळसा घालून प्रकाश बाहेरची वाट काढून देतो.

दिवे बदलले, नियम तोच

ट्यूबलाइटची एक अडचण असते. ती डोळ्यांना लख्ख दिसत असली तरी तिचा उपयोगी निळा प्रकाश कालांतराने घटतो. त्यामुळे बाळ दिव्याखाली असते, पण उपचार अपुरा पडतो. म्हणून प्रकाशाची तीव्रता उपकरणाने मोजावी लागते. 1990 च्या दशकात निळा प्रकाश देणारे एलईडी तयार झाले. त्यांच्या शोधाला 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे दिवे थोड्या विजेत नेमका निळा प्रकाश देतात, फार तापत नाहीत आणि वर्षानुवर्षे टिकतात. 2012 मध्ये चेन्नईच्या एका उत्पादकाने डी-रेव्ह या अमेरिकन संस्थेच्या आराखड्यावरून 'ब्रिलियन्स' हे कमी किमतीचे एलईडी उपकरण बाजारात आणले.

जिथे वीजच बेभरवशाची आहे तिथे काय करायचे? 2015 मध्ये नायजेरियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खिडकीच्या काचांना लावतात तसल्या पारदर्शक पडद्यांचे छत उभारून त्यातून अतिनील आणि उष्ण किरण अडवले आणि निळा प्रकाश आत येऊ दिला. त्या गाळलेल्या उन्हात, परिचारिकांच्या देखरेखीखाली ठेवलेल्या बाळांना नेहमीच्या दिव्यांइतकाच फायदा झाला. साठ वर्षांनी विज्ञान पुन्हा अंगणात आले, पण या वेळी काय आत येऊ द्यायचे आणि काय अडवायचे हे माहीत करून घेऊन.

मग बाळाला ऊन दाखवावे का?

हा प्रश्न पालक शिक्षकांनाही विचारतात. सकाळचे कोवळे ऊन दाखवण्याची आपल्याकडे रीत आहे. पण काविळीवर उपचार म्हणून घरच्या उन्हावर विसंबणे धोक्याचे आहे. किती प्रकाश मिळाला हे कळत नाही, उघडे बाळ गारठू शकते, कडक उन्हात तापू किंवा भाजू शकते, आणि मुख्य म्हणजे रक्त तपासायचे राहून जाते. त्रिकोणाची गोष्ट इथे पुन्हा आठवावी. प्रकाश लागलेली त्वचा लवकर फिकी पडते, पण रक्तातला आकडा तेवढा उतरलेला नसतो. म्हणून ऊन दाखवलेले बाळ "आता बरे दिसते" यावर विश्वास ठेवू नये.

जन्मापासून चोवीस तासांच्या आत पिवळेपणा दिसला, तो तळहात-तळपायांपर्यंत पोचला, बाळ नीट दूध ओढेना किंवा फार सुस्त वाटले, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. स्तनपान चालू ठेवावे. काविळीच्या माळा आणि झाडपाला यांत वेळ घालवू नये. कावीळ दोन आठवड्यांहून जास्त टिकली आणि शी पांढुरकी, लघवी गडद होत असेल, तर तो वेगळाच आजार असू शकतो. पित्ताची वाट बंद असेल तर प्रकाशाचा उपयोग नसतो आणि शस्त्रक्रियेला उशीर चालत नाही. काही मुलांच्या रक्तपेशींत जी-6-पीडी नावाचे विकर कमी असते. आपल्याकडे पारशी समाजात आणि इतरही काही समाजांत हे आढळते. अशा बाळांना डांबरगोळ्यांच्या वासातले कपडेही अपाय करू शकतात. ट्रंकेतून काढलेली दुपटी धुऊन, वाळवून मगच वापरावीत.

वर्गात करून पाहण्यासाठी

पांढऱ्या सुती कापडाचे पाच तुकडे हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. पहिल्यावर पुठ्ठ्याचा त्रिकोण टाचून तो उन्हात ठेवा. दुसरा काळ्या कागदात गुंडाळून पहिल्याशेजारी उन्हात ठेवा. तिसरा कपाटात ठेवा. चौथ्यावर निळा आणि पाचव्यावर लाल जिलेटिन कागद ताणून बसवा आणि तेही उन्हात ठेवा. दिवसअखेर पाचही तुकडे फळ्यावर लावून मुलांना प्रश्न विचारा. रंग उन्हाच्या उष्णतेने उडाला की प्रकाशाने? हे कोणत्या दोन तुकड्यांच्या तुलनेवरून सांगता येते? कोणत्या रंगाच्या कागदाखाली रंग जास्त उडाला आणि का? कपाटातला तुकडा कशासाठी ठेवला होता?

मग पुठ्ठ्याचा त्रिकोण काढा आणि रॉकफर्डची गोष्ट सांगा. शेवटी एक प्रश्न मुलांपुढे ठेवा : हळदीचा रंग उडताना जे घडले, तेच बाळाच्या अंगात घडते का? बहुतेक मुले हो म्हणतील. जाणती माणसेही बरीच वर्षे तेच म्हणत होती. ते उत्तर कोणत्या निरीक्षणामुळे सोडून द्यावे लागले, यावर उरलेला तास चर्चा होऊ द्यावी.